पुणे सोडून रत्नागिरीला कायमचं राहायला जावं का?

सिंहगडरोडकर | १० मे, २३:०५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतोय. चूकभूल पदरात घ्या.

मी ४७, बायको ४४, मुलगी यंदा नववीत, आई ७५. माझं काम घरूनच चालतं, महिन्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवलं की झालं. बायको शिकवण्या घेते. गेल्या आठवड्यात मुलीला क्लासला सोडून परत यायला चार किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. घरी पोचलो तर खाली टँकरवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी हमरीतुमरीवर आलेले. तिथंच ठरवलं, बास झालं पुणं.

आईचं माहेर रत्नागिरीचं. लहानपणीचा मे महिना सगळा तिथंच गेला. मामा आता नाहीत, घरही विकलं, त्यामुळे हक्काचं काही उरलेलं नाही. तिथं नाचणे किंवा कुवारबाव भागात फ्लॅट घ्यायचा, इथला भाड्याने द्यायचा, असं डोक्यात आहे. हवा चांगली, समुद्र, गर्दी नाही, खर्च कमी. तोटे काढायला बसलो तर एकही सुचेना, आणि नेमकं तेच खटकतंय. म्हणून विचारतो.

पेठेतला | १० मे, २३:११

तोटे सुचत नाहीत कारण मे महिना आहे. हाच धागा जुलैत काढा.

तिरकस | १० मे, २३:२०

मुंबई पण समुद्रकाठीच आहे. तिकडे जा. गर्दी आहे, पण समुद्रही आहे.

खारा_वारा | ११ मे, ०८:४०

मी जन्माने आणि राहायला मांडवीचा. तोटे हवेत ना, घ्या.

समुद्र दिसतो त्या घरात लोखंड टिकत नाही. एवढं एक वाक्य पाठ करा. माझ्या खिडक्यांच्या ग्रिलला दर दोन वर्षांनी रेडऑक्साइड आणि रंग. गेल्या खेपेला रंगाऱ्याने खरवडायला घेतली तर दोन गज त्याच्या हातातच आले. एसीचं बाहेरचं युनिट तिसऱ्या वर्षी चाळणी झालं. स्कूटरची चेन, गिझरची टाकी, पंख्याचे स्क्रू, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्याला आयुष्य निम्मं धरा. चष्मा पुसला की अर्ध्या तासात काच पुन्हा चिकट. पाहुण्यांना वाटतं चष्म्याचा दोष.

मात्र तुम्ही म्हणताय ते नाचणे-कुवारबाव समुद्रापासून चांगलं आत आणि वर आहे. तिथं गंज बराच कमी. पण मग सकाळी उठून समुद्र दिसणार नाही, गाडी काढूनच जावं लागेल. आणि खरं सांगू, राहायला आलेला माणूस महिन्यातून दोनदा जातो समुद्रावर. मी तीन मिनिटांवर राहतो, गेल्या वेळी पाहुणे आले तेव्हा गेलो होतो.

कोकणकन्या_लेट | ११ मे, ०९:०२

सतरंजी टाकून बसलोय. चहा कोण आणतंय?

आगोट_काकू | ११ मे, ११:३५

सिंहगडरोडकर, मी लग्न होऊन नाशिकहून इथं आले त्याला ३१ वर्षं झाली. खारा_वारा यांनी लोखंडाचं सांगितलं, मी कपाटाचं सांगते.

पहिल्या पावसाळ्यात मला कोणी काही बोललं नाही. श्रावणात मंगळागौरीला नेसायला पेटी उघडली, तर शालूच्या घडीवर पांढरी लव. यांचा लग्नातला कोट हिरवा. चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, पोळपाटाला सुद्धा. मिठाच्या बरणीत पाणी, काड्यापेटी ओढून ओढून गूल झिजून गेला. रडू आलं होतं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आगोट केलीस का?" तोवर मला तो शब्दच ठाऊक नव्हता.

आगोट म्हणजे पावसाआधीची बेगमी. आमच्याकडे मे अखेरपर्यंत सगळं डब्यात बंद: तिखट, मसाले, कोकमं, साठं, फणसाचे पापड, सुके मासे खाणाऱ्यांकडे सुकी मासळी, लाकडं, सुक्या नारळांचा ढीग. पडवीला झडीच्या बाजूला पूर्वी माडाचे झाप बांधत, आता निळं प्लास्टिक. कपाटात आम्ही साधा कमी वॅटचा बल्ब लावून ठेवतो, लाईट असेल तेव्हा. रेशमी कपडे पावसाळ्यात नाशिकला माझ्या भावाकडे असतात, ही गंमत नाही, खरंच.

पुण्याला वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पाऊस. रत्नागिरीला ३,००० च्या वर, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दोरीवर कपडे चौथ्या दिवशी दमट ते दमटच. हे वाचून घाबरू नका, फक्त विकत घ्यायच्या आधी एक जुलै भाड्याने राहून बघा.

पेठेतला | ११ मे, ११:४९

काकूंना +१. जुलै मी आधीच सुचवला होता याची नोंद घ्यावी.

दर्यावर्दीण | ११ मे, १४:१०

नवरा नौदलात होता, त्यामुळे २२ वर्षांत मुंबई, कोची, विशाखापट्टणम असे किनारे पायाखालून गेले. माझं निरीक्षण, समुद्रकिनारा ही एक वस्तू नाही, प्रत्येक ठिकाणचा वेगळा.

विशाखापट्टणमला १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद आलं तेव्हा आम्ही क्वार्टर्समध्ये होतो. सकाळपासून वारा असा की दारं आतून ढकलून धरली होती. मधेच सगळं थांबलं. ऊन नाही, पण शांत. शेजारच्या मल्याळी बाईंनी बाहेर यायला घेतलं तर त्यांचा नवरा ओरडला, आत ये, वादळाचा डोळा आहे हा. आणि खरंच, थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने आला. टेकड्यांवर झाडाला पान उरलं नव्हतं, जाळल्यासारख्या दिसत होत्या. पाण्याच्या बाटलीसाठी रांगेत उभी राहिले आहे मी.

पश्चिम किनाऱ्याला वादळं कमी, हे खरं. पण फयान (नोव्हेंबर २००९), निसर्ग (जून २०२०), तौक्ते (मे २०२१) ही रत्नागिरीकरांनी पाहिलीच आहेत. इथले कोणी सांगतील.

दापोलीचा_नातू | ११ मे, १५:२५

निसर्गचं मी सांगतो. ३ जूनला दुपारी तीन-चार तासांचा खेळ. आमची हर्णैजवळ आजोबांनी लावलेली नारळी-पोफळीची बाग, निम्म्याहून जास्त आडवी. वीज आली पस्तिसाव्या दिवशी. विहीर भरलेली, पंप चालत नाही, रहाट कधीच मोडीत काढलेला. शेवटी बादली-दोरी. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, माड त्याच हिशोबात. बाबा ६८ वर्षांचे होते. त्यांनी रोपं लावली, पण पहिल्यासारखं बागेत जाऊन बसत नाहीत.

याच वादळात मिऱ्याच्या बंधाऱ्यावर एक रिकामं जहाज येऊन आदळलं होतं, बसरा स्टार. ते नंतर वर्षानुवर्षं तिथंच गंजत होतं आणि पर्यटक त्याच्यापुढे सेल्फी काढत होते.

तिरकस | ११ मे, १५:४०

खारा_वारा यांच्या मुद्द्याला पुरावा मिळाला. अख्खं जहाज गंजलं.

इतिहासवेडा | ११ मे, १८:३०

थोडं अवांतर. बाहेरून रत्नागिरीला कायमचे राहायला आलेल्यांत सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे ब्रह्मदेशचा थिबा राजा. इंग्रजांनी १८८६ मध्ये आणून ठेवला. राजवाडा बांधून मिळाला १९१० च्या सुमारास. म्हणजे पझेशनला २४ वर्षं. आणि १९१६ मध्ये तिथंच वारला, परत जाणं झालंच नाही. बिल्डरशी बोलताना हे लक्षात असू द्या.

पेठेतला | ११ मे, १८:४४

सावरकरांना पण १९२४ ते १९३७ रत्नागिरीतच स्थानबद्ध ठेवलं होतं. म्हणजे इंग्रज ज्याला शिक्षा करायची त्याला रत्नागिरीला धाडत. आणि टिळक जन्मले रत्नागिरीत, पण वडील दहाव्या वर्षी पुण्याला घेऊन आले. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

खारा_वारा | ११ मे, १९:०५

पेठेतले, आमच्याकडे शिक्षा म्हणून आलेल्या माणसाने इथं १९३१ ला पतितपावन मंदिर उभं राहायला पुढाकार घेतला. तुमच्याकडे हौसेने राहायला आलेला माणूस पार्किंगवरून भांडतो. चालायचंच.

जांभा | ११ मे, २१:५०

विनोद चालू द्या, पण एक कडू गोष्ट बोलतो. राग मानू नये.

मी इथलाच, संगमेश्वर तालुका. आमच्या वाडीत ४० घरं, त्यातली २२ बंद. कुलपं मुंबईवाल्यांची, गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. आमची पोरं बारावी झाली की पुणे-मुंबई गाठतात कारण इथं फिनोलेक्स, जयगडचा वीजप्रकल्प, शाळा-बँका-सरकारी कचेऱ्या आणि आंबा-मासळी सोडली तर पगार देणारं आहे काय? आणि तुम्ही पगार पुण्याचा घेऊन इथं येणार, हवा खायला. शहराकडेचे प्लॉट आता इथल्या शिक्षकालाही परवडत नाहीत. बागांत राखणीला नेपाळी, बोटींवर खलाशी नेपाळी, आणि बंगल्यात पुणेकर. आमचं माणूस कुठाय यात?

बाकी या, नको कोण म्हणतंय. पण "गर्दी नाही" हा फायदा लिहिताना ती गर्दी का नाही तेवढं एकदा मनात आणा.

सिंहगडरोडकर | ११ मे, २२:३०

जांभा, राग कसला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजोळची वाडी आठवली, तिथंही आता तेच असणार.

सगळ्यांचे आभार. जुलैचा सल्ला मनावर घेतोय. दवाखान्याचं कोणी सांगेल का? आईला बीपी आणि थोडा हृदयाचा त्रास आहे.

बकुळीची_फुलं | १२ मे, ००:१५

मी सांगते. लांबेल.

जुलै २०२१, ज्या आठवड्यात चिपळूण बुडालं. २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्याच रात्री इकडे आमच्या बाबांना छातीत कळ आली. घाम, डावा हात जड. रिक्षा मिळेना, शेजारच्या मुलाने त्याच्या टेम्पोतून नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि गुठळी विरघळण्याचं इंजेक्शन लगेच दिलं. ते म्हणाले, आत्ता मी एवढंच करू शकतो, अँजिओग्राफीला कोल्हापूरला हलवा. एरवी कोल्हापूर १३० किलोमीटर, तीन-साडेतीन तास. पण आंबा घाट खचून बंद. चिपळूणकडून कुंभार्लीला जावं तर चिपळूणच पाण्यात. रेल्वे बंद. आम्ही चार दिवस बाबांच्या उशाशी बसून मॉनिटरकडे बघत होतो. पाचव्या दिवशी हलवलं.

बाबा वाचले, आजही सकाळी फेरी मारतात. म्हणजे इथले डॉक्टर कमी नाहीत, हे पहिलं. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, आता रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालंय, तेव्हापेक्षा स्थिती बरी आहे. पण मोठ्या आजाराला कोल्हापूर-मिरज गाठायची इथल्या लोकांची रीत अजून गेलेली नाही, आणि मधे घाट आहे. वर्षातले आठ महिने तो रस्ता असतो. पावसाळ्यात तो असेलच असं धरून चालू नका.

नाना_वाईकर | १२ मे, ०७:२०

बकुळीताई, वाचून काटा आला. बाबांना नमस्कार सांगा.

काळा_कोट | १२ मे, १०:४५

फ्लॅटच घेणार असाल तर बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. समुद्राजवळ असेल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) निर्बंध लागू होतात, तेही तपासा.

पुढे कधी "छोटीशी वाडी घेऊ" असा किडा वळवळला तर थांबा. एक, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. दोन, कोकणातला सातबारा हे वेगळंच प्रकरण आहे. परवाच एकाचा पाहिला, अकरा गुंठ्यांना २७ नावं, त्यातली नऊ मयत, दोन दुबईला, एक बहीण सही करणार नाही म्हणते कारण १९९४ च्या लग्नात तिला मान मिळाला नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचं नाव किंवा कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा दिसला तर विक्रीला परवानगी लागते. एजंट म्हणेल "काही नाही हो, नावापुरतं आहे." तो शेरा नावापुरता नसतो.

सुरमई | १२ मे, १२:३०

एवढं सगळं झालं, माशांबद्दल कोणीच बोलत नाही?? मिरकरवाड्याला सकाळी बोटी लागतात तेव्हा जा. कल्ला उचलून बघायचा, लालभडक पाहिजे. डोळा फुगीर. बोटाने दाबला की खळगा राहता कामा नये. पुण्यात बर्फातली सुरमई खाऊन "वा" म्हणणाऱ्यांनी इथली एकदा खावी, म्हणजे इतकी वर्षं काय खाल्लं ते कळेल. फक्त जून-जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा खाडीची मासळी नाहीतर सुकं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मग खरी मजा.

सिंहगडरोडकर | १२ मे, १२:४१

आम्ही शाकाहारी आहोत.

सुरमई | १२ मे, १२:४२

मग जाताय कशाला??

तिरकस | १२ मे, १२:४३

धाग्याचा निकाल लागला. कुलूप लावा.

अलिबाग_से_आया | १२ मे, १६:००

रत्नागिरीपेक्षा अलिबाग बघा असं सुचवणार होतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडीसकट येता येतं. पण आमच्याकडे भाव आता तुमच्या पुण्याला लाजवतील असे, आणि शनिवार-रविवारी सिंहगड रोड इकडे येतो. तेव्हा राहू द्या.

म्हापसेकार | १२ मे, १६:३५

गोव्याचंही तेच. वर्षभराच्या भाड्याने घर मागितलं की मालक आधी विचारतो, डिसेंबरात रिकामं कराल ना? रत्नागिरीच बरी.

उन्हाळी_पाणी | १३ मे, ०९:१०

टँकरला कंटाळून येताय म्हणून सांगतो. सध्या मे महिना चालू आहे आणि आमच्या भागात नळाला एक दिवसाआड पाणी. ३,००० मिलिमीटर पडतो आणि एप्रिलपासून बोंब. कारण साधं, जांभा दगड चाळणीसारखा, जमीन उताराची आणि समुद्र लगेच पायथ्याशी. पडलेलं पाणी थांबतच नाही. शहराची भिस्त मुख्यतः शीळ धरणावर. फ्लॅट बघायला जाल तेव्हा गॅलरी नंतर बघा, आधी विहीर किंवा बोअरला मेमध्ये पाणी किती ते विचारा, आणि ते वॉचमनला विचारा, बिल्डरला नको.

नववीची_आई | १३ मे, २१:१५

मुलीचा विषय कोणी काढला नाही. शाळा उत्तम आहेत, दहावीच्या निकालात कोकण बोर्ड वर्षानुवर्षं पहिलं येतं, पुढे गोगटे-जोगळेकरसारखं जुनं कॉलेज आहे. माझी मुलगी तिथंच शिकली, चांगलं झालं तिचं. पण नववीत शाळा बदलणं म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीच्या सगळ्या मैत्रिणी एका फटक्यात काढून घेणं. तिला विचारलंत का? आणि बायकोच्या शिकवण्यांचं काय? पुण्यात तिचं नाव झालं असेल, इथं पहिल्या मुलापासून सुरुवात. शिवाय पाहुणे. समुद्रकाठी घर असलं की दिवाळी ते मे नातेवाइकांना तुमची फार आठवण येते. त्यांना मोदक कोण करून घालणार?

आगोट_काकू | १३ मे, २१:३०

पाहुण्यांबद्दल शंभर टक्के. गेल्या मेमध्ये माझ्याकडे एकूण १९ माणसं येऊन गेली. त्यातल्या एका दूरच्या भाच्याचं नाव मी अजून त्याच्या बायकोला विचारलेलं नाही.

पण मूळ मुद्द्यावर येते. सिंहगडरोडकर, तुम्ही मुलीचं, बायकोचं, आईच्या बीपीचं लिहिलंत. आईंना यायचंय का, ते कुठंच लिहिलं नाहीत. त्यांचं माहेर म्हणून गृहीत धरलंत का?

सिंहगडरोडकर | १३ मे, २३:५०

काकू, हो. गृहीत धरलं होतं.

(यानंतर तीन महिने धाग्यावर प्रतिसाद नाही.)

सिंहगडरोडकर | १७ ऑगस्ट, २२:२०

धागा वर काढतोय. ऐकलं तुमचं सगळ्यांचं. जुलै काढला.

३० जून ते ६ ऑगस्ट, मी आणि आई. कारवांचीवाडीच्या बाजूला एका काकांच्या घराचा वरचा मजला, महिना नऊ हजार, फर्निचर त्यांचंच. बायको-मुलगी शाळेमुळे पुण्यातच, दोनदा शनिवार-रविवार येऊन गेल्या. दुसऱ्या खेपेला घाटात दरड आली म्हणून एसटी चार तास उभी. मुलगी म्हणते तेच सगळ्यात भारी होतं, कंडक्टरने सगळ्यांना भेळ करून वाटली.

माझं म्हणाल तर काम झालं, नेट दोनदा गेलं, लाईट बरीचदा गेली, इन्व्हर्टर होता. पहिले आठ दिवस मी खिडकीतून पाऊस बघत कॉल घेत होतो, स्वर्ग वाटत होता. नवव्या दिवसापासून सूर्य कधी दिसेल असं झालं. बॅगेचा पट्टा पांढरा झाला, काकूंची आठवण आली. तेविसाव्या दिवशी अर्धा तास ऊन पडलं तर आख्खी आळी कपडे घेऊन बाहेर. मीही धावलो. तेव्हा पहिल्यांदा शेजाऱ्यांशी नीट बोलणं झालं.

आता आईचं. तिला घेऊन आजोळच्या घरी गेलो होतो, म्हणजे जिथं होतं तिथं. नव्या मालकांनी आत बोलावलं, चहा दिला, चांगली माणसं. मागची विहीर तशीच आहे. आई विहिरीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली, मग म्हणाली, दोर पोचत नसे मेमध्ये, दोन दोर जोडायचो. एवढंच. परत येताना रस्त्याने एकेका घराकडे बोट दाखवत होती. इथं कमल होती, ती गेली. इथं आमचे मास्तर, त्यांची मुलं अमेरिकेला. या घरात कोण ते माहीत नाही. मारुती मंदिरापर्यंत येईतो मोजून तेरा घरं झाली, आणि एकातही तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं.

रात्री जेवताना म्हणाली, "तुला काय वाटतं, मला इथं करमेल म्हणून? माझी माणसं आता सिंहगड रोडला आहेत रे. मंगळवारचं भजन, खालच्या मजल्यावरची देशपांडे, तो औषधवाला पोरगा. इथं मी पाहुणी आहे." समुद्रावर चल म्हटलं तर दोनदाच आली. वाळूत पाय रुततात, गुडघे दुखतात म्हणाली.

तेव्हा सध्या फ्लॅट घेणं रद्द. मुलीची दहावी पुण्यातच. बायको म्हणते त्यानंतर पुन्हा विचार करू, आणि त्यात तिचंही मत मोजायचं अशी अट आहे. मला मात्र आवडलंय, काय सांगू. काकांशी बोलून ती वरची जागा मार्चपर्यंत ठेवली आहे, महिन्यातले आठ-दहा दिवस एकटा जाऊन काम करीन. जांभा, भाडं तिथल्याच माणसाला जातंय, तेवढं तरी.

पेठेतला | १७ ऑगस्ट, २२:३१

थोडक्यात, चाकरमानी झालात. उलट दिशेचे.

जांभा | १८ ऑगस्ट, ०६:५५

चालेल. गणपतीला असाल तर आमच्या वाडीत या. आरतीला माणसं कमी पडतात, टाळ वाजवता येत असतील तर उत्तमच.

बकुळीची_फुलं | १८ ऑगस्ट, १०:१०

आईंचं वाचून गप्प बसले जरा. माझी आई पण माहेरी गेली की दुसऱ्या दिवशी चिडचिड करायची, कधी कळलं नाही का.

सिंहगडरोडकर | १८ ऑगस्ट, २१:४०

जांभा, नक्की येतो. टाळ येतात.

आणि एक राहिलंच. काका म्हणाले, पाऊस ओसरला की रात्री गेटपर्यंत बॅटरी घेतल्याशिवाय जायचं नाही, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडांत फुरशी, म्हणजे विषारी साप असतात. मी हसलो, तर त्यांनी घोट्यावरची खूण दाखवली. मोठ्या झोताची बॅटरी कुठली घ्यावी?

खारा_वारा | १८ ऑगस्ट, २१:५२

बॅटरी कुठलीही चालते. पायात बूट घाला, आणि घालायच्या आधी झटका.